वर्णगोंगाट निवारण, अंकीय छायाचित्रांतील

वर्णगोंगाट निवारण, अंकीय छायाचित्रांतील : अल्प प्रकाशात अंकीय म्हणजे डिजिटल कॅमेऱ्याने घेतलेल्या छायाचित्रात मूळ दृश्यात नसलेले तांबडे, हिरवे, निळे वा जांभळट ठिपके व डाग विखुरलेले दिसतात. या यादृच्छिक रंगदोषाला वर्णगोंगाट म्हणतात. छायाचित्रकारांच्या व्यवहारात त्याला ‘कलर नॉइज’ असे नाव आहे. संगणकावरील चित्र-संपादनाच्या सॉफ्टवेअरने हा दोष कमी करण्याच्या क्रियेस वर्णगोंगाट निवारण म्हणतात. ‘गोंगाट’ ही संज्ञा मुळात ध्वनिसंदेशवहनातील आहे. दूरध्वनी किंवा रेडिओ यांवर मूळ आवाजात मिसळणारी खरखर ज्याप्रमाणे संकेताचा भाग नसते, त्याप्रमाणे चित्रातील हे ठिपकेही दृश्याकडून आलेल्या माहितीचा भाग नसतात.

स्वरूप : चित्रातील गोंगाटाचे दोन प्रकार मानतात. शेजारच्या चित्रघटकांच्या (पिक्सेलांच्या) केवळ उजळपणात अकारण फरक पडला, तर त्यास दीप्तिगोंगाट म्हणतात. तो बारीक रव्यासारखा दिसतो व रासायनिक फिल्मवरील कणदारपणाशी त्याचे साम्य असल्यामुळे डोळ्यास फारसा खटकत नाही. शेजारच्या चित्रघटकांच्या रंगछटेत फरक पडला, तर तो वर्णगोंगाट होय. राखाडी भिंत, काळे केस, रात्रीचे आकाश, सावलीतील चेहरा अशा एकसारख्या व काळसर भागांत तो ठळकपणे दिसतो. वस्तूच्या नैसर्गिक पोताशी त्याचे साम्य नसल्याने तो कृत्रिम वाटतो आणि थोड्या प्रमाणातही चित्राची प्रत खालावतो.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत विद्युत्‌भार-युग्मित प्रयुक्तीचा (सीसीडीचा) शोध लावला. या शोधाबद्दल त्यांना २००९ च्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकातील वाटा मिळाला. ईस्टमन कोडॅक कंपनीतील स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये तयार केलेल्या अंकीय कॅमेऱ्याने १०० × १०० चित्रघटकांची कृष्णधवल चित्रे घेता येत. त्याच कंपनीतील ब्राइस बेयर यांना रंगीत चित्रणासाठी योजलेल्या वर्णगाळण्यांच्या मांडणीबद्दल १९७६ मध्ये एकस्व (पेटंट) मिळाले. पुढे १९९० नंतरच्या दशकात एरिक फॉसम व त्यांचे सहकारी यांनी विकसित केलेल्या सीमॉस संवेदकांनी बहुतेक कॅमेऱ्यांत सीसीडीची जागा घेतली. संवेदक बदलला, तरी बेयर यांची मांडणी बहुसंख्य कॅमेऱ्यांत आणि मोबाइल फोनमध्ये टिकून राहिली आहे. वर्णगोंगाटाची उत्पत्ती समजण्यासाठी ती ध्यानात घ्यावी लागते.

कारणे : (१) प्रकाशाचे कणस्वरूप : प्रकाश फोटॉनांच्या रूपाने येतो आणि ठरावीक वेळात एका चित्रघटकावर पडणाऱ्या फोटॉनांची संख्या सांख्यिकीय नियमांनुसार कमीजास्त होते. फ्रेंच गणितज्ञ सीमेआँ दनी प्वासाँ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वंटनानुसार सरासरी संख्येचे वर्गमूळ हे या चढउताराचे माप असते. सरासरी १०,००० फोटॉन मोजले गेले, तर चढउतार सु. १०० म्हणजे १% असतो. सरासरी १०० फोटॉन असतील, तर तो १० म्हणजे १०% होतो. केवळ ९ फोटॉन असतील, तर तो ३ म्हणजे जवळजवळ ३३% होतो. प्रकाश जसजसा कमी, तसतसा गोंगाटाचा सापेक्ष वाटा अधिक होतो. हा गोंगाट यंत्राच्या दोषातून उद्‌भवत नसून प्रकाशाच्या स्वरूपातच असल्यामुळे कितीही उत्तम कॅमेऱ्याने तो पूर्णपणे टाळता येत नाही.

(२) वर्णगाळण्यांची मांडणी : संवेदकाला स्वतःला रंग ओळखता येत नाहीत. बेयर मांडणीत दर चार चित्रघटकांपैकी दोहोंवर हिरवी, एकावर तांबडी व एकावर निळी गाळणी असते. त्यामुळे प्रत्येक ठिकाणी एकाच रंगाचे मापन होते व उरलेल्या दोन रंगांची मूल्ये शेजाऱ्यांवरून अंतर्वेशनाने काढावी लागतात. राखाडी पृष्ठभागावरील एखाद्या जागी तिन्ही रंगांचे मूल्य १०० असावयास हवे, असे समजू. चढउतारामुळे तेथे तांबडे ११२, हिरवे ९७ व निळे ९१ असे मोजले गेले, तर तो बिंदू तांबूस दिसेल. शेजारी ९०, १०४ व १०८ अशी मूल्ये आली, तर तो बिंदू निळसर दिसेल. वस्तू राखाडी असूनही चित्रात रंगीत ठिपके येतात ते याच रीतीने. अंतर्वेशनात एका चित्रघटकाची चूक शेजारच्या अनेक चित्रघटकांत पसरते, म्हणून वर्णगोंगाट सुट्या बिंदूंऐवजी पुष्कळदा डागांच्या स्वरूपात आढळतो.

(३) श्वेतसमतोल : तापदीप्त दिवा, मेणबत्ती, समई यांच्या प्रकाशात तांबडा व पिवळा भाग अधिक आणि निळा भाग अत्यल्प असतो. पांढरी वस्तू पांढरी दिसावी म्हणून कॅमेऱ्यात किंवा सॉफ्टवेअरमध्ये निळ्या रंगाच्या संकेताला मोठ्या गुणकाने गुणले जाते. या वेळी संकेताबरोबर गोंगाटही वाढतो. समजा, हिरव्याचे १०० व निळ्याचे ४० फोटॉन मोजले गेले. हिरव्यातील चढउतार १० असेल, तर निळ्यातील सु. ६·३ असेल. निळ्याला २·५ ने गुणून १०० वर आणले की, त्यातील चढउतारही सु. १६ होतो. दिव्याच्या प्रकाशातील छायाचित्रांच्या सावल्यांमध्ये निळे-जांभळे डाग प्रामुख्याने का दिसतात, त्याचा उलगडा यावरून होतो.

(४) इलेक्ट्रॉनीय कारणे : संवेदकातील विद्युत्‌भार वाचताना मंडलात थोडा गोंगाट मिसळतो. शिवाय प्रकाश नसतानाही उष्णतेमुळे इलेक्ट्रॉन मुक्त होतात व त्यांचा ‘अंधारप्रवाह’ निर्माण होतो. सिलिकॉनाच्या संवेदकात तापमान सु. ६° ते ८° से. वाढले की, हा प्रवाह साधारणपणे दुप्पट होतो. म्हणूनच खगोलीय निरीक्षणासाठी वापरावयाचे संवेदक थंड राखतात. काही चित्रघटकांत हा प्रवाह विशेष असतो. दीर्घ उद्‌भासनात ते भडक तांबड्या, हिरव्या वा निळ्या सुट्या बिंदूंच्या रूपाने उठून दिसतात.

कॅमेऱ्यावरील आयएसओ अंक वाढविल्याने गोंगाट येतो, असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः या अंकाने संवेदकाची प्रकाशग्रहणाची क्षमता वाढत नाही. मिळालेल्या संकेताचे विवर्धन तेवढे वाढते. गोंगाटाचे मूळ कारण अपुरा प्रकाश हेच होय. कमी आयएसओवर काळोखे छायाचित्र घेऊन ते नंतर संगणकावर उजळ केल्यास गोंगाट तितकाच, काही कॅमेऱ्यांत तर अधिकच दिसतो.

दीप्ती आणि वर्णता यांचे पृथक्करण : वर्णगोंगाट निवारणाचा पाया मानवी दृष्टीच्या एका वैशिष्ट्यावर उभारलेला आहे. उजळपणातील बारीक फरक डोळ्याला स्पष्ट कळतात. रंगछटेतील बारीक फरक मात्र तितकेसे कळत नाहीत. दृष्टिपटलावरील सर्वांत तीक्ष्ण दृष्टीच्या केंद्रभागी तर निळ्या प्रकाशास संवेदनक्षम असलेल्या शंकुकोशिका जवळजवळ नसतातच. रंगीत दूरचित्रवाणीत रंगाच्या माहितीला उजळपणाच्या माहितीपेक्षा कमी पट्टारुंदी देण्यात आली, ती याच कारणाने [⟶ दूरचित्रवाणी].

सॉफ्टवेअर प्रथम प्रत्येक चित्रघटकाच्या तांबड्या, हिरव्या व निळ्या मूल्यांचे रूपांतर एक दीप्तिमूल्य व दोन वर्णतामूल्ये यांत करते. प्रचलित सूत्रांपैकी एका सूत्रानुसार दीप्तिमूल्यात तांबड्याचा वाटा ०·२९९, हिरव्याचा ०·५८७ व निळ्याचा ०·११४ असतो. यानंतर दीप्ती तशीच ठेवून फक्त वर्णतेच्या दोन स्तरांचे गुळगुळीतीकरण करतात व शेवटी तिन्ही स्तर पुन्हा एकत्र करतात. डोळ्यांच्या पापण्या, कापडाची वीण, अक्षरांच्या कडा इ. तपशील मुख्यतः दीप्तीत साठविलेला असल्याने तो शाबूत राहतो आणि रंगीत ठिपके मात्र विरघळतात. वर्णगोंगाट बराचसा काढला, तरी चित्राची स्पष्टता फारशी घटत नाही, हे याचे फलित होय. दीप्तिगोंगाट काढताना मात्र तपशिलाची हानी अटळ असते.

पद्धती : सर्वांत साधी पद्धत म्हणजे प्रत्येक चित्रघटकाच्या जागी शेजाऱ्यांची भारित सरासरी घेणे ही होय. तीत दोन रंगांच्या सीमेवर रंग एकमेकांत झिरपतात. सरासरीऐवजी मध्यक घेतल्यास एकाकी भडक बिंदू चांगले नाहीसे होतात. कार्लो तोमासी व रोबेर्तो मांदुची यांनी १९९८ मध्ये मांडलेल्या द्विपक्षी गाळणीत शेजारी किती जवळ आहे एवढेच पाहत नाहीत, तर त्याचे मूल्य किती सारखे आहे, हेही पाहतात. त्यामुळे कडा टिकून राहतात. डेव्हिड डोनोहो व इअन जॉन्स्टन यांनी १९९४ मध्ये विशद केलेल्या तरंगिका पद्धतीत चित्राचे निरनिराळ्या आकारमानांच्या घटकांत विघटन करून त्यांतील क्षीण घटक वगळतात. मोठे डाग व बारीक ठिपके यांवर वेगवेगळे उपचार करता येणे, हा तिचा विशेष होय. आंतोनी बुआदेस, बार्तोमेऊ कोल व झां-मिशेल मोरेल यांनी २००५ मध्ये सुचविलेल्या पद्धतीत चित्रातील दूरवरचेही सारखे दिसणारे तुकडे शोधून त्यांची सरासरी घेतली जाते. २०१७ च्या सुमारापासून, गोंगाटयुक्त व स्वच्छ चित्रांच्या असंख्य जोड्यांवर प्रशिक्षित केलेल्या कृत्रिम तंत्रिका जालांचा वापर वाढला. अडोबी कंपनीने आपल्या लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये २०२३ मध्ये अशी सोय उपलब्ध केली. डार्कटेबल, रॉथेरपी, गिम्प ही सॉफ्टवेअर विनामूल्य मिळतात व त्यांतही गोंगाट निवारणाची साधने आहेत.

संपादनाचा क्रम : कच्च्या (रॉ) स्वरूपातील फाइल वापरल्यास निवारण अधिक चांगले साधते. तीत प्रत्येक चित्रघटकाचे मूल्य सामान्यतः १२ किंवा १४ बिटांत नोंदलेले असते व त्यावर कॅमेऱ्याने फारशी प्रक्रिया केलेली नसते. जेपेग फाइलमध्ये मूल्ये ८ बिटांत असतात. वर्णतेचा तपशील बहुधा आधीच कमी केलेला असतो आणि संकोचनामुळे ठिपक्यांचे चौकोनी डाग बनलेले असतात. गोंगाटाचे मूळ सांख्यिकीय स्वरूप असे बिघडले की, सॉफ्टवेअरला तो ओळखणे कठीण जाते.

प्रथम श्वेतसमतोल व उजळपणा निश्चित करतात, कारण या दोन्ही क्रियांनी गोंगाटाचे प्रमाण बदलते. सावल्या दोन टप्प्यांनी उजळल्या, तर त्यांतील संकेताबरोबर गोंगाटही चौपट होतो. त्यानंतर चित्र पडद्यावर १००% आकारात, म्हणजे चित्रातील एका घटकास पडद्याचा एक घटक या प्रमाणात पाहतात. लहान आकारात पाहताना शेजारच्या घटकांची सरासरी होत असल्याने गोंगाट प्रत्यक्षाहून कमी भासतो. काळसर व एकसारखा असा एक भाग आणि रंगीत तपशिलाचा एक भाग, असे दोन्ही तपासणीसाठी निवडतात.

वर्णगोंगाटाचा सरकता नियंत्रक शून्यापासून हळूहळू वाढवीत नेतात व रंगीत ठिपके दिसेनासे होताच थांबतात. लाइटरूममध्ये कच्च्या फाइलींसाठी हे मूल्य आपोआप २५ धरलेले असते आणि पुष्कळ चित्रांना ते पुरेसे होते. तपशिलाच्या जोडनियंत्रकाचे मूल्य वाढविल्यास रंगांच्या बारीक कडा टिकतात, परंतु काही ठिपके शिल्लक राहतात. ते कमी केल्यास ठिपके जातात, पण रंग पसरण्याचा संभव असतो. दीप्तिगोंगाटाचे निवारण यानंतर व बेताने करतात. थोडा रवा शिल्लक ठेवणे इष्ट असते. अन्यथा त्वचा मेणासारखी व कापड प्लॅस्टिकासारखे दिसू लागते. रेखीवपणा वाढविण्याची क्रिया शेवटी करतात, कारण ती आधी केल्यास गोंगाटही रेखीव होतो.

स्वतंत्र नियंत्रक नसलेल्या किंवा थरांवर काम करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चित्राची एक प्रत वरच्या थरात घेऊन ती धूसर करतात व त्या थराचे मिश्रण केवळ रंगापुरते मर्यादित करतात. उजळपणा खालच्या मूळ थरातून व रंग वरच्या धूसर थरातून येत असल्यामुळे वर वर्णिलेले पृथक्करणच येथे हाताने साधले जाते. थराला मुखवटा लावून हा परिणाम सावल्यांपुरता सीमित ठेवता येतो. प्रत्येक टप्प्यावर मूळ चित्राशी तुलना करतात आणि मूळ फाइल न बदलता जपून ठेवतात.

छायाचित्र घेताना घ्यावयाची दक्षता : अधिक प्रकाश गोळा करणे हा सर्वांत प्रभावी उपाय होय. त्यासाठी भिंगाचे छिद्र मोठे ठेवतात किंवा तिपाईवर कॅमेरा बसवून उद्‌भासनाचा काळ वाढवितात. दृश्य स्थिर असल्यास एकाच दृश्याची अनेक चित्रे घेऊन त्यांची सरासरी काढतात. चित्रांची संख्या न असल्यास यादृच्छिक गोंगाट न च्या वर्गमूळाच्या पटीत कमी होतो. चार चित्रांनी तो निम्मा, तर सोळा चित्रांनी एक चतुर्थांश होतो. अनेक मोबाइल फोनमधील रात्रीच्या चित्रणाची सोय याच तत्त्वावर आधारलेली आहे. दीर्घ उद्‌भासनातील भडक बिंदूंसाठी, भिंगावर झाकण ठेवून तेवढ्याच वेळाचे एक ‘काळे’ चित्र घेतात व ते मूळ चित्रातून वजा करतात. पुष्कळ कॅमेऱ्यांत ही वजाबाकी आपोआप करण्याची सोय असते. ठरावीक जागी राहणारे दोष त्यामुळे जातात; यादृच्छिक गोंगाट मात्र जात नाही.

मर्यादा व प्रामाण्य : सॉफ्टवेअर दृश्य ओळखत नाही. शेजाऱ्यांपेक्षा वेगळ्या रंगाचा लहान ठिपका हा गोंगाट आहे की वस्तू, याचा ते केवळ अंदाज करते. त्यामुळे निवारणाची मात्रा जास्त झाल्यास खरे रंगही पुसले जातात. ताऱ्यांच्या तांबूस व निळसर छटा फिक्या पडतात. मे अखेरीस व जूनमध्ये सह्याद्रीतील झाडांवर चमकणाऱ्या काजव्यांचे हिरवट-पिवळे ठिपके राखाडी होतात. कपाळावरील कुंकवाचा तांबडा रंग भोवतालच्या त्वचेत झिरपतो.

अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रांचे उदाहरण या दृष्टीने उद्‌बोधक आहे. रंगद्रव्यांच्या रक्षणासाठी तेथे प्रखर लखलखाटी दिव्याने म्हणजे फ्लॅशने छायाचित्रे घेण्यास मनाई आहे. त्यामुळे छायाचित्रे मंद प्रकाशातच घ्यावी लागतात. चित्रांत गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी इ. द्रव्यांबरोबर काही ठिकाणी लाजवर्द या खनिजाचा निळा रंग वापरलेला आहे. उबदार छटेच्या मंद प्रकाशात संवेदकाचा निळा संकेत सर्वांत दुबळा असतो आणि निळे डाग हेच वर्णगोंगाटाचे नेहमीचे लक्षण असते. अशा वेळी भिंतीवरील झिजलेल्या लाजवर्दाचे तुरळक कण आणि गोंगाटाचे निळे ठिपके यांतील भेद सॉफ्टवेअरला करता येईलच, असे नाही. सढळ हाताने केलेल्या निवारणात चित्र देखणे होते, पण रंगद्रव्याचा पुरावा नाहीसा होऊ शकतो. उलट, गोंगाट तसाच ठेवल्यास जेथे निळा रंग नाही, तेथे तो असल्याचा भास होतो. अनेक चित्रांची सरासरी हा येथे अधिक भरवशाचा मार्ग होय; कारण भिंतीवरचा कण प्रत्येक चित्रात त्याच जागी राहतो, गोंगाट मात्र दर वेळी जागा बदलतो.

कृत्रिम तंत्रिका जालांच्या बाबतीत वेगळ्या प्रकारचा धोका संभवतो. ही जाले नष्ट झालेला तपशील परत मिळवीत नाहीत. पूर्वी पाहिलेल्या चित्रांच्या आधारे संभाव्य असा तपशील भरतात. घरगुती छायाचित्रात त्याने बिघडत नाही. परंतु वाहनाच्या पाटीवरील अस्पष्ट अंक, जखमेभोवतीच्या त्वचेचा रंग, पुराणवस्तूवरील झिजलेले अक्षर अशा ठिकाणी संभाव्य तपशील खरा मानला गेल्यास अनर्थ ओढवू शकतो. म्हणून न्यायवैद्यक, वैद्यकीय, वृत्तपत्रीय व पुरातत्त्वीय उपयोगाच्या छायाचित्रांत मूळ फाइल जतन करणे व तीवर केलेल्या प्रक्रियांची नोंद ठेवणे आवश्यक ठरते. वर्णगोंगाट निवारणाने चित्र पाहणे सुकर होते; मूळ मापनात न आलेली माहिती मात्र त्यामुळे निर्माण होत नाही.